छप्पन्न म्हटलं की दुकान

गणपतीत आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांची हाउजी असते, दरवर्षी. आकडे पुकारायचं काम एका काकांकडे असतं आणि यंदा त्यांनी मनावर घेतलं की आकडे फक्त मराठीत पुकारायचे, इंग्लिश नाही की हिंदी नाही. "एकोणसत्तर!" म्हणाले आणि पुढच्या दोन रांगांतली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मागून एक आई हळूच "सिक्स्टी नाइन" पुटपुटली तर काकांनी डोळे वटारले. सेहेचाळीस, त्र्याहत्तर, एकोणऐंशी, सगळ्यांची तीच गत. सबंध खेळात एकच मोठा आकडा असा निघाला जो पोरांनी काका पूर्ण बोलायच्या आत खोडला, तो म्हणजे छप्पन्न, आणि खोडून वर सगळी एका सुरात ओरडली, "दुकान!" इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, छप्पन दुकान ही आमची खाऊगल्ली, पोरं तिथे चालायला लागायच्या आधीपासून आईबापाच्या कडेवर बसून जातात.

हसून सोडून द्यायला हवं होतं, पण आरती होऊन प्रसाद वाटला जाईपर्यंत वाद पेटला तो अजून धुमसतोय. एक पार्टी म्हणते की लाज वाटायला पाहिजे, मराठी घरातल्या मुलांना शंभरपर्यंत आकडे येत नाहीत, आमच्या वेळी पहिलीत यायचे. दुसरी पार्टी म्हणते की नावंच बेकार आहेत, त्र्याऐंशी काय नि एक्क्याण्णव काय, महाराष्ट्रात २०१९ मध्ये 'वीस एक, वीस दोन' करायला निघाले होते तेच बरोबर होतं, करून टाकायला हवं होतं. दोन्ही पार्ट्या तावातावाने बोलतात आणि दोन्ही एकच गोष्ट धरून चालतात, की आकडा येणं म्हणजे आकड्याचं नाव येणं. मला वाटतं घोळ इथेच आहे. आमच्या पोरांना ६९ म्हणजे किती ते कळतं, लिहिलेलं ओळखता येतं, त्यात सात मिळवा म्हटलं तर मिळवतात. अडतं ते चिन्ह आणि तोंड यांच्या मधल्या रस्त्यावर. तो रस्ता फक्त बोलण्याऐकण्याने पडतो. लाज काढून तो पडत नाही आणि माझ्या मते नावं बदलूनही पडणार नाही.

हा रस्ता वेगळा असतो हे मी मनाने सांगत नाहीये. स्तानिस्लास देहान नावाच्या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक मांडणी केली, ती आता या विषयात सगळीकडे आधाराला घेतात. आपल्या डोक्यात आकडा तीन रूपांत असतो, एक चिन्ह म्हणून, एक बोललेला शब्द म्हणून आणि एक नुसता अंदाज म्हणून, की हे किती मोठं आहे, पन्नासच्या अलीकडे की पलीकडे. तिन्ही रूपं एकमेकांशी जोडलेली, पण प्रत्येक जोडणीचा रस्ता वेगळा आणि एक रस्ता खराब झाला तरी दुसरा चालू राहू शकतो. मायकेल मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मेंदूला इजा झालेल्या एका पेशंटबद्दल लिहिलं, तो आकडे मोठ्याने वाचताना चुकायचा पण त्याच्या चुका शिस्तीत असायच्या, एककाच्या जागी दुसरं एककच यायचं, तेरा ते एकोणीसच्या टोळीतल्या शब्दाच्या जागी त्याच टोळीतला दुसरा शब्द. म्हणजे आकडा त्याला कळलेला होता, बोलायच्या वेळी हात बरोबर कप्प्यात जायचा आणि चिठ्ठी मात्र शेजारची निघायची. आता हाउजी बघा. हाउजीत 'किती' हा प्रश्नच नाही, एकोणसत्तर म्हणजे केवढे याचा विचार तिथे कोणीच करत नाही, कानावर शब्द आला की त्याचं चिन्ह शोधायचं, बस. काकांनी गणिताची परीक्षा घेतलीच नव्हती, घेतली ती रस्त्याची, आणि निकाल मात्र मराठीपणाचा लावला.

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करते, आणि ते थोडं नाहीये. हाउजीच्या तिकिटावर नऊ उभे रकाने असतात, दहा-दहाचे. इंग्लिशमध्ये 'सेवंटी' ऐकलं की नजर त्या रकान्यात पोचलेली असते, 'थ्री' नंतर येतं. मराठीत 'त्र्या' आधी येतं, ते ऐकून कुठल्याच रकान्यात जाता येत नाही, 'हत्तर' येईपर्यंत थांबायचं आणि तोवर ते त्र्या डोक्यात धरून ठेवायचं. एकोणसत्तरची तऱ्हा त्याहून वाईट. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा सत्तरच्या रकान्यात शोधत बसला होता, कारण कानावर सत्तर पडलं! त्याची काय चूक? एकोणऐंशी हा शब्द नीट ऐका, त्यात साताचं नाव नाही आणि नवाचंही नाव नाही, ७९ मधला एकही अंक त्याच्या नावात हजर नाही. मूल दोन अंक बघतं आणि तोंडाने तिसराच म्हणायचा असतो, एक कमी ऐंशी, म्हणजे बोलायच्या आधी एक वजाबाकी. कागदावर नाही दिसत, पण असते.

परदेशातल्या अभ्यासांनीही हेच दाखवलंय. जर्मनमध्ये आपल्यासारखंच एकक आधी बोलतात, पाच-आणि-वीस. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहायला लावले, २००९ चा अभ्यास आहे, तर त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटसुलटीच्या होत्या, ऐकलं पाच-आणि-वीस आणि लिहिलं ५२. यावर कोणी म्हणेल की तिकडची मुलं वेगळी, शाळा वेगळ्या, भाषेवर कशाला ढकलता, तर चेक भाषेत दोन्ही पद्धती चालतात, वीस-पाचही आणि पाच-आणि-वीसही. तिथे त्याच मुलांना दोन्ही पद्धतीने आकडे सांगून बघितले आणि उलट्या पद्धतीत चुका जास्त झाल्या. तीच मुलं, तोच वर्ग, फरक फक्त नावाचा. याला काय उत्तर आहे? काही नाही, हे खरं आहे. आणि जर्मनची उलटसुलट निदान नियमात बसते, आपल्याकडे तर दशकाचं तोंडसुद्धा ओळखू येत नाही. पन्नास असतं त्याचं बावन्नमध्ये 'वन्न' होतं, साठचं 'सष्ट', सत्तरचं 'हत्तर'. इंग्लिशमध्ये वीसनंतर दशकांची नावं आली की बाकी सगळं तुम्हीच बनवू शकता. मराठीत जवळजवळ शंभरच्या शंभर पाठ करायची. कानडी, तेलुगूत वीस-एक असंच सरळ म्हणतात, त्यामुळे हे सोपेपण परदेशी आहे असंही म्हणता येत नाही.

म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून जो गदारोळ झाला तो मला तेव्हाही आवडला नव्हता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितज्ञ, आणि त्यांचा मुद्दा साधा होता की दुसरीच्या मुलाला जोडाक्षरं धड येत नसतात, एकक-दशकाचा क्रम त्याला उलटा पडतो, तर त्याला साठ दोन म्हणू द्या की. जुनी नावं बंद करा असं म्हणणं नव्हतंच. आणि त्यावर आपण काय केलं? विधानसभेत फडणवीसमधल्या 'वीस'वर कोट्या झाल्या, घरोघरी 'पंचपक्वान्नाचं आता काय म्हणायचं' वगैरे विनोद फिरले. विनोदाला माझी हरकत नाही, पण एका बाईने मुलांच्या अडचणीचं नेमकं ठिकाण दाखवलं होतं आणि सबंध महाराष्ट्र बोट बघत बसला.

तरीही मी नावं बदलायच्या बाजूची नाही. का, ते सांगते, आणि ते परंपरा-बिरंपरा म्हणून नाही.

पहिली गोष्ट, ही अडचण आहे कुठे हे नीट बघायला पाहिजे. बेल्जियममध्ये डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे शेजारी-शेजारी राहतात. डचमध्ये चार-आणि-वीस म्हणतात, फ्रेंचमध्ये वीस-चार. मार्क ब्रिसबार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दोन्हीकडच्यांना छोट्या बेरजा घातल्या, वीस अधिक चार, चार अधिक वीस, अशा. उत्तर तोंडाने द्यायचं होतं तेव्हा दोन भाषांचे वेग वेगळे पडले, भाषेचा क्रम आड येत होता. मग तेच उत्तर टाइप करायला सांगितलं आणि तो फरक गेला! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण या एका अदलाबदलीत सगळा वाद येऊन गेला. बेरीज दोघांचीही सारखीच होत होती, भाषा आड आली ती ओठांपाशी. मग जे लोक म्हणतात की मराठी आकड्यांमुळे आपली मुलं गणितात मागे पडतात त्यांना मी विचारते, गणितात म्हणजे नेमकं कशात? मोठ्या माणसाच्या बेरजेत तर नाही. पहिली-दुसरीत ऐकून लिहिताना, हो. तिथे शिडी द्या, साठ आणि दोन बासष्ट असं वर्षभर दोन्ही जोडीने म्हणवून घ्या, मी स्वतः मुलीला तसंच शिकवलं. पण चढून झाल्यावर शिडी घरातच उभी ठेवून तिलाच जिना म्हणायला लागलो तर काय होतं, ते नॉर्वेला विचारा.

नॉर्वेत आपल्यासारखंच पाच-आणि-वीस म्हणायचे. टेलिफोन आले, एक्स्चेंजमधल्या बायकांना लोक नंबर सांगायचे आणि उलटसुलट होऊन भलतीकडे फोन लागायचे. शेवटी टेलिफोन खात्याने धरून लावलं आणि १९५१ च्या जुलैपासून सरकारी ठरावाने वीस-पाच सुरू झालं, शाळेत, रेडिओवर, सगळीकडे. म्हणजे बघा, सुधारणा गणितवाल्यांनी मागितलेली नव्हती, टेलिफोनवाल्यांनी मागितली होती, अडचण बोलण्याऐकण्याचीच होती हे तिथेही दिसतं. आणि आज सत्तरहून जास्त वर्षं झाली तरी नॉर्वेत दोन्ही चालतात, एकाच माणसाच्या तोंडी सुद्धा, वय एका पद्धतीने सांगेल नि फोन नंबर दुसऱ्या. श्रीमंत देश, छोटी लोकसंख्या, सगळे शिकलेले, एकच रेडिओ, तरी जुनं गेलं नाही. आपल्याकडे काय होईल? मूल शाळेत साठ दोन म्हणेल आणि भाजीवाला बासष्टच म्हणणार. मुलाला दोन्ही शिकावं लागेल, म्हणजे ओझं कमी करायला निघालो आणि एक आणखी ठेवलं. इंदूरच्या मराठी पोराकडे तर आधीच तीन आहेत, घरात बासष्ट, रिक्षावाल्याकडे बासठ आणि शाळेत सिक्स्टी टू. त्याला चौथं द्यायचं?

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. उलटं, उलटं म्हणतो पण कशाच्या उलटं? एकविंशति हा शब्द स्थानिक किमतीची अंकलेखन पद्धत यायच्या कितीतरी आधीचा आहे, माणसं आधी बोलली आणि मग लिहायला लागली. पुढे शून्य आलं, दशमान लिखाण आलं, तरी आपल्या ज्योतिषांनी आणि गणितींनी श्लोकात आकडे सांगताना एकम आधीच ठेवला, 'अङ्कानां वामतो गतिः' म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात असा नियमच केला. भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष 'रसगुणपूर्णमही' असं सांगितलंय, रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक, आणि वाचायचं उजवीकडून, शके १०३६. चार अंक, चारी उलटे, आणि ज्याने लिहिले त्याला गणितात उलटसुलट होत होतं असं म्हणायची कोणाची छाती आहे? थोर जर्मन गणिती गाउसही आयुष्यभर पाच-आणि-वीसच म्हणत आला. लगेच कोणीतरी म्हणणार की भास्कराचार्य नि गाउसची उदाहरणं सामान्य पोरांना लावू नका, आणि ते बरोबर आहे, अपवादावरून नियम निघत नाही. मला एवढंच म्हणायचंय की क्रम हा सवयीचा भाग आहे आणि सवय व्हायला ती गोष्ट कानावर पडावी लागते.

आणि सवय झाली की ती उलटी राहतच नाही. आमच्या हाउजीत ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या, इंदूरच्याच, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. काका 'त्र्या' म्हणायचे नि त्यांची पेन्सिल तयार. त्यांना त्र्याहत्तर हे तीन आणि सत्तर असं ऐकूच येत नाही, तो त्यांच्यासाठी एक अखंड शब्द आहे, जसा आपल्याला 'पोहे'. आपले आकडे अनियमित आहेत हे शिकणाऱ्यासाठी ओझं, पण शिकून झालेल्यासाठी तोच फायदा, एकसंध शब्द सरळ तोंडात येतो, जोडाजोड करत बसावी लागत नाही. अर्थात अनियमित शब्दाची अट एकच असते, तो सारखा वापरात पाहिजे. नियमाने बनवता येणारा शब्द विसरला तरी परत बनवता येतो, एकोणऐंशी विसरलात तर गेला.

मग 'आमच्या वेळी यायचे' या पार्टीला उत्तर इथेच आहे. तुमच्या वेळी यायचे कारण तुमच्या वेळी ते दिवसभर कानावर आदळायचे. संध्याकाळी दिवेलागणीला पाढे, नुसते बे ते तीस नाही तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि औटकी म्हणजे साडेतीनची. हे गणित कमी आणि उच्चाराची तालीम जास्त होती. देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हेही दिसतं की पाढे डोक्यात बोलण्याच्या रूपात साठवलेले असतात, कवितेसारखे, वजाबाकी त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी होते, काही पेशंटना मेंदूच्या इजेनंतर वजाबाकी जमते पण पाढे गेलेले असतात आणि काहींचं बरोबर उलट. तुम्ही पाढे घोकलेत तेव्हा हिशेब शिकलात ते खरंच, पण त्यासोबत हजारो वेळा त्रेसष्ट आणि बहात्तर आणि एक्क्याऐंशी तोंडातून गेलं. पोराने कधी म्हणायचं? किंमत पाकिटावर छापलेली, नंबर मोबाइलमध्ये, ओटीपी तर वाचायचाही नाही आपोआप भरला जातो. दुकानात हल्ली आकडा मोठ्याने म्हणणारा एकच प्राणी उरलाय, पेमेंटचा तो डबा, "सैंतालीस रुपये प्राप्त हुए", आणि तो इंदूरात हिंदी बोलतो. आणि गंमत म्हणजे हिंदी घरातली पोरंही सैंतालीस ऐकून डब्याच्या स्क्रीनकडेच बघतात, उन्यासी आणि नवासीत तर मोठेसुद्धा गोंधळतात, तेव्हा हे काही मराठीचं खास पाप नाही.

इंदूरच्या मराठी माणसाने तर हा उपदेश फारच जपून करावा. होळकरांच्या दफ्तरातले हिशेब मोडीत, मराठीतून व्हायचे, तेव्हा मराठी आकडे या गावात अधिकाराचे आकडे होते. मग दफ्तर हिंदीत गेलं, बाजार तर आधीपासूनच हिंदी-मारवाडी, आणि आकडे पगाराच्या मागे गेले. माझंच सांगते. घरी सगळं मराठी, शाळा हिंदी मीडियम. मला सात आठे किती विचारा, मी मराठीत बोलत असले तरी आतून आवाज येतो "सात अट्ठे छप्पन", आणि छप्पन-छप्पन्न जवळजवळ सारखंच असल्यामुळे तोंडातून बिनबोभाट मराठी बाहेर पडतं. पण सात नव्वे विचारलं की आतून येतं "सात नम तिरसठ" आणि ते ओठांवर येऊन अडतं, तिथे बसून त्याचं त्रेसष्ट करावं लागतं, क्षणभरच, पण समोरच्याला दिसतं. एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकारी यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्लिश दोन्ही येणाऱ्या लोकांना काही नेमके हिशेब एका भाषेत शिकवले आणि मग दोन्ही भाषांत विचारले, ज्या भाषेत शिकले तिच्यात पटकन जमले, दुसरीत वेळ लागला, आणि अंदाजाच्या प्रश्नांना मात्र भाषेने काही फरक पडला नाही. तो प्रयोग वाचला तेव्हा मला हायसं वाटलं, कारण लहानपणी पुण्याच्या मामांकडे गेलं की माझ्या या अडखळण्याला 'तिकडे राहून मराठी विसरली' म्हणायचे. विसरले नव्हते हो, हिशेब दुसऱ्या भाषेत ठेवलेला होता, तिथून आणायला वेळ लागायचा.

आणि आमचे काका, ज्यांनी डोळे वटारले! पस्तीस वर्षं हिंदीत चालणाऱ्या ऑफिसात अकाउंट्स केलं. हाउजी संपल्यावर तिकिटांचे पैसे मोजायला बसले तर ओठ हलत होते, मी शेजारीच उभी, "सैंतीस, अड़तीस, उनतालीस". मी काही बोलले नाही, मोजताना कोणाला टोकलं तर परत पहिल्यापासून मोजावं लागतं आणि ते मला महागात पडलं असतं. पण यात ढोंग काही नाही, हे मला नीट सांगायचंय. ज्या माणसाने आयुष्यभर ज्या भाषेत पैसे मोजले त्याचं तोंड त्याच भाषेत मोजणार, मग तो घरी कितीही ज्ञानेश्वरी वाचो. मग हीच सवलत पोरांना का नाही? त्यांची मोजायची भाषा इंग्लिश झाली, कारण त्यांच्याकडून मोजून घेणाऱ्या शाळेतल्या बाई इंग्लिशमध्ये घेतात.

एक शंका मात्र मला अजून टोचते, ती लपवत नाही. हिशेबाला भाषा कुठलीही चालते म्हटलं तर मग मराठी आकडे हवेतच कशाला? जाऊ द्या की. फोर्टी सेवन म्हणा, पुढे चला, निम्मं मराठी जग तसंच म्हणतं. यावर 'संस्कृती' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. माझं उत्तर असं आहे की काही आकडे हे विचार करायची पद्धतही बरोबर घेऊन येतात. घड्याळात २:४५ वाजलेत, माझी मुलगी म्हणते टू फोर्टी फाइव्ह, जे लिहिलंय ते वाचलं. पावणेतीन म्हणायला तिला समोर दोन दिसत असताना तीनकडे बघावं लागतं, किती उरले ते बघावं लागतं. अडीच म्हणजे मुळात अर्धतृतीय, तिसरा अर्धा, आणि डॅनिश लोक पन्नासला जे म्हणतात त्याचाही मूळ अर्थ तिसरा-अर्धा गुणिले वीस, हजारो मैलांवर तोच डोक्याचा डाव. सव्वाशे, पाऊणशे, दीडशे, एकोणऐंशी, या सगळ्यात पुढच्या मुक्कामावरून मागे बघायची किंवा मधल्याला धरून बोलायची सवय आहे. बोलायला अवघड का, तर बोलायच्या आधी विचार करायला लावतं म्हणून. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून कोणाला सव्वादोनशेतून पावणेदोनशे वजा करताना बघा, कागद लागत नाही, "पन्नास" म्हणतो आणि पैसे परत देतो. हे आकडे गेले तर गणित बुडणार नाही, पण एक सोपा डाव हातचा जाईल, आणि डाव खेळूनच टिकतो.

म्हणून मी हाउजीच्या वेळी एवढंच सुचवलंय की पुढच्या वर्षीही आकडे मराठीतच पुकारा, काकांनीच पुकारा, फक्त तीन सेकंदांनी पाटीवर चिन्ह दाखवा, न बोलता. कान आधी, डोळा नंतर. इंग्लिशमध्ये पुटपुटायचं नाही आणि डोळे वटारायचे नाहीत. काका म्हणाले, विचार करू, म्हणजे नाही.

घरी मात्र सुरू केलंय. पलासियाच्या सिग्नलला उभं राहिलं की पुढच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे मुलगी बोटाने दाखवते आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत ते मराठीत म्हणायचे, एकदा तिने, एकदा मी. ती अजून एकोणच्या सगळ्या घरांत अडखळते, चाळीशीच्या घरात चांगली चालते. काल माझी पाळी होती, समोर एक पांढरी गाडी, शेवटी ७९, मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हटलं, "एकोणसत्तर." तिने दोन सेकंद बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग जे हसत सुटली ते गीता भवनपर्यंत थांबली नाही.